शांत रस्ता नेमका कुणासाठी शांत?

आमचा एक मित्र राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर फ्रान्सला शिकायला गेला. वस्तीतून थेट विमानात बसलेला पहिला पोरगा. त्याने गेल्या उन्हाळ्यात मोबाईलवर फोटो पाठवले. ना आयफेल टॉवर, ना विद्यापीठ! एक रुंद, संथ नदी, काठाने अरुंद डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना झाडे आणि रस्त्यावर सायकली. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, सगळे सायकलवर. नदीचे नाव ल्वार. तिच्या काठाने सुमारे ९०० किलोमीटरचा सायकल मार्ग आखलेला आहे. बराचसा मार्ग वाहनांची वर्दळ नसलेल्या जुन्या गावरस्त्यांवरून जातो. फोटोखाली मित्राने एकच ओळ लिहिली होती : "दोन दिवस फिरलो, एकानेही आडनाव विचारले नाही."

फ्रान्स म्हणजे समतेचा स्वर्ग नव्हे, हे आम्हालाही कळते. तिथल्या अरब आणि आफ्रिकी वंशाच्या पोरांना पोलीस रस्त्यात अडवून कागदपत्रे मागतात, हा तिथला जुना आणि जाहीर वाद आहे. तेव्हा गोऱ्यांचे गोडवे गाण्यासाठी हा लेख नाही. पण त्या एका ओळीने आम्हाला जालना जिल्ह्यातले आमचेच रस्ते आठवले, म्हणून लिहायला बसलो.

नद्यांचे म्हणाल तर आमच्या जिल्ह्याला तोटा नाही. दक्षिणेला अंबड, घनसावंगी, परतूरच्या हद्दीने गोदावरी. मधून दुधना, जालना शहरातून तिला मिळायला जाणारी कुंडलिका. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे पूर्णा, केळणा, गिरजा. पाऊस गेला की यातल्या निम्म्या नद्या वाळूच्या चरी होतात, ही गोष्ट वेगळी. शिवाय गोदावरीचे एक मानवनिर्मित भावंड आहे, जायकवाडीचा डावा कालवा. पैठणहून निघून अंबड, घनसावंगी, परतूर करत परभणीकडे जाणारा, २०८ किलोमीटरचा. आपल्याकडे सगळे त्याला 'कॅनॉल'च म्हणतात. त्याच्या भरावावरून पाटबंधारेवाल्यांच्या जीपसाठी केलेला कच्चा रस्ता जातो. ना चढ ना उतार, ना ट्रक ना ट्रॅव्हल्स. फ्रान्सवाले कालव्याकाठच्या अशाच वाटा दुरुस्त करून त्यावर सायकली चालवतात. आपल्याकडे तशी वाट आयती पडून आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघे या कॅनॉलच्या रस्त्याने निघालो. दोन जुन्या काळ्या सायकली, एक गिअरची सेकंडहँड, एक भाच्याची मागून आणलेली. कॅनॉलला पाणी सोडलेले होते. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला मोसंबीचे बाग, तारेवर खंड्या बसलेला. दोन तास आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही. चळवळीतली माणसे दोन तास गप्प राहिली, याहून मोठा पुरावा त्या रस्त्याच्या गुणाचा देता येणार नाही!

मग एका पुलाजवळच्या टपरीवर चहाला थांबलो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण हे गाव म्हणजे कुठलेही गाव आहे. बाकड्यावर बसलेल्या एका बापूंनी प्रेमानेच चौकशी सुरू केली.

"कुठले म्हणायचे तुमी?"

"जालन्याचे."

"जालन्याचे ते खरं, पण मूळ गाव कोन्तं? आन् आडनाव?"

आमच्यातला एक पुढे होऊन म्हणाला, "जाधव."

बापू खूश झाले. सरकून जागा दिली. आणि मग तो प्रश्न आला, जो या लेखाच्या प्रत्येक वाचकाने कधी ना कधी ऐकलेला आहे : "जाधव म्हंजे कोन्ते जाधव?"

मित्राने खरे ते सांगितले. कोणी शिवी दिली नाही, कोणी उठवले नाही, चहा आला, पैसे घेतले. फक्त बाकड्यावरची बोलणी थांबली आणि बापूंना एकदम शेताकडे जायची आठवण झाली. आम्ही उरलेला चहा उभ्याने प्यायलो. परतीच्या वाटेवरही शांतता होती, पण ती सकाळची नव्हती.

सायकलींच्या जगात 'शांत रस्ता' म्हणजे गाड्या नसलेला रस्ता. इथल्या व्यवस्थेत शांत रस्ता म्हणजे साक्षीदार नसलेला रस्ता. आपली आई, बहीण ज्या पाणंदीने रोजंदारीला जाते, ती पाणंदही शांतच असते. तिथे काय घडते आणि ते पोलीस ठाण्यापर्यंत का पोहोचत नाही, हे कुणाला सांगायला नको. म्हणून जेव्हा पर्यटनवाले ग्रामीण भागातली निवांत शांतता विकायला काढतात, तेव्हा आपण विचारले पाहिजे, ही शांतता नेमकी कुणाला परवडते?

कोणाला वाटेल, सायकलीसारख्या साध्या गोष्टीत जात कशाला आणता? जात आम्ही आणलेली नाही. ती या देशाच्या कायद्यातच लिहून ठेवावी लागली आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९ सालचा. २०१५ मध्ये संसदेने त्यात दुरुस्ती केली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्या दुरुस्तीतले कलम ३ (१) (झेडए) काढून वाचा. सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकलवर बसण्यास, ती चालवण्यास, पायात चप्पल किंवा अंगात नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास किंवा वरातीत घोड्यावर बसण्यास अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अडवणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि दंड. देश मंगळाच्या कक्षेत यान पाठवून मोकळा झाल्यावर, एका माणसाला सायकलवर बसू द्या असे सांगायला कायदा करावा लागला! जे घडतच नाही त्याच्यासाठी कोणी कलम लिहीत नाही. आमच्या कार्यकर्त्यांना वरात आणि घोडा तेवढा पाठ असतो, कलमातल्या सायकलीकडे कोणाचे लक्षच जात नाही.

आता बाबासाहेबांकडे येऊ, कारण या विषयावर त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात घडलेला आहे. १९३४ साल. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना म्हटले, आपण सगळे मिळून कुठेतरी फिरायला जाऊ. लक्षात घ्या : परिषद नाही, सत्याग्रह नाही, फिरायला! वेरूळची बौद्ध लेणी पाहायची ठरली. तीसेक माणसे नाशिकहून औरंगाबादकडे निघाली. प्रवासात कुठे अपमान होऊ नये म्हणून आपण कोण हे कळू न देता जायचे, असे त्यांनी आधीच ठरवले होते. पुढे दौलताबादला धुळीने भरलेले तोंड-हातपाय किल्ल्याजवळच्या हौदाच्या पाण्याने धुतले, आणि मागून ओरडा झाला : यांनी हौद बाटवला! जमाव जमला, शिव्या झाल्या. अखेर किल्ला पाहायला मिळाला तो सोबत हत्यारबंद शिपाई घेऊनच. किल्ल्यात कुठेही यांनी पाण्याला हात लावू नये, हे पाहायला तो शिपाई होता. बाबासाहेबांनी हे सगळे स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिले आहे.

हा प्रसंग आपण पाण्याचा प्रसंग म्हणून सांगतो, महाडच्या ओळीत बसवतो. बरोबरच आहे. पण तो सहलीचाही प्रसंग आहे. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषद गाजवून आलेला माणूस चार मित्रांबरोबर लेणी पाहायला निघतो, तर त्याला ओळख लपवावी लागते. आमच्या जाधवला त्या टपरीवर जो अर्धा मिनिट मिळाला, बाकड्यावरची जागा आणि आपुलकी, तो ओळख लपलेली होती तोवरच मिळाला. १९३४ पासून कायदा बदलला, राज्य बदलले, हौद मोकळे झाले. पण बाकड्यावरची चौकशी तीच आहे.

इथे आमचे काही जिवाभावाचे कार्यकर्ते चिडतील. पोरे बेरोजगार आहेत, शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत, गायरानावरच्या घरांना नोटिसा येत आहेत, आणि तुम्हाला सायकलवर हवा खायची सुचते? आक्षेप रास्त आहे. आम्हीही चार वर्षांपूर्वी हेच बोललो असतो. पण विश्रांती, सहल, निवांतपणा ही पोटभरल्यांची चैन आहे, हे आपल्याला शिकवले कुणी? ज्यांनी आपल्या आजोबांकडून चोवीस तास महारकी करून घेतली, त्यांनीच ना? येसकराला रजा नव्हती. मेलेले ढोर ओढायला, सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला धावायला तो कधीही हजर पाहिजे. आपल्या माणसाने रस्ता तुडवला तो कायम दुसऱ्याच्या कामासाठी, स्वतःच्या मर्जीने नव्हे.

फ्रान्समधल्या त्या नदीकाठच्या सायकलींचाही इतिहास पोटभरल्यांचा नाही. १९३६ साली तिथल्या कामगारांनी देशभर संप केले, कारखाने ताब्यात घेतले, आणि नव्या सरकारला दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा करावा लागला. त्या उन्हाळ्यात हजारो कामगार आयुष्यात पहिल्यांदा फिरायला बाहेर पडले. मोटार कुठली असणार, कितीतरी जण सायकलवरच निघाले, नवराबायको मिळून दोन सीटच्या सायकलवर. आणि आपल्याकडे? १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. त्याच काळात, १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन भरपगारी रजा आली आणि १९४६ साली आठवड्याचे ५४ तास कमी होऊन ४८ झाले. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहणारा आपला माणूस ठेकेदाराकडे कामाला आहे, त्याच्यापर्यंत ही रजा नीट पोहोचत नाही, तो लढा वेगळा लढायचाच आहे. पण कामगाराला मोकळा वेळ हवा, ही मागणी बाबासाहेबांनी सरकारी टेबलावरून पुढे नेलेली आहे. ती चैन असती तर त्यांनी तिच्यावर वेळ घालवला नसता.

सायकल तर चळवळीची जुनीच सोबतीण आहे. १९८३ साली कांशीरामजींनी डीएस-फोरच्या झेंड्याखाली सुमारे शंभर सायकलस्वार घेऊन सात राज्ये पालथी घातली, चाळीस दिवस. आमच्या वडिलांच्या पिढीतले कार्यकर्ते तासाच्या भाड्याने सायकल घेऊन, हँडलला पत्रकांची पिशवी अडकवून खेडोपाडी जात. नामांतराच्या काळातले निरोप अशाच सायकलींवरून फिरले. आता प्रत्येकाच्या बुडाखाली मोटारसायकल आली, गावे फटाफट होतात. पण वेगात गाव दिसत नाही आणि गावालाही आपण दिसत नाही.

आता आम्ही सांगतो ती वाट पाहा. जालन्याहून राजूरमार्गे भोकरदन, साठेक किलोमीटर. हा रस्ता काही शांत नाही, पण भोकरदनला केळणेच्या काठावर पोहोचलात की थांबा. हे साधे तालुक्याचे गाव नाही. हे प्राचीन भोगवर्धन. सातवाहन काळात पैठणहून अजिंठ्याकडे आणि पुढे उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे भरभराटीचे नगर. १९७० च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केले. त्यात हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा तुकडा सापडला. तिच्याशी जवळचे साम्य असलेली मूर्ती इटलीतल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली सापडलेली होती. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या पॉम्पेईत! म्हणजे आपल्या केळणेकाठच्या कारागिरांच्या कलेचे धागे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगापर्यंत पोहोचलेले होते.

आणि याहून मोठी गोष्ट अशी, की चारशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या सांचीच्या स्तूपावर दात्यांचे जे लेख कोरलेले आहेत, त्यांत भोगवर्धनच्या दात्यांचे लेख आहेत. नाव आणि गाव. बुद्धाच्या स्तूपाला दान देणारा माणूस भोगवर्धनचा, एवढी ओळख तिथे पुरली. आज त्याच भोगवर्धनच्या परिसरात फिरताना नाव-गाव सांगून भागत नाही, 'कोन्ते जाधव' सांगावे लागते. अजिंठा पाहायला विमानाने येणाऱ्यांसाठी योजना आहेत, फलक आहेत. ज्या मार्गावरून भिक्खू आणि व्यापारी अजिंठ्याकडे गेले, त्या मार्गावरच्या भोकरदनचा हा वारसा तिथल्याच पोरांना कोणी शिकवत नाही. केळणा पुढे जाफराबादकडे पूर्णेला मिळते. त्या बाजूच्या लहान रस्त्यांनी पोरांना सायकलवर न्या, सांची आणि पॉम्पेईची गोष्ट नदीकाठी बसून सांगा. वर्गात तीन तास बोलून जे होत नाही ते होईल.

सरकारला रस्ते कळतात ते दुसरेच. बदनापूर आणि जालना तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला, ७०१ किलोमीटरचा. त्यावर सायकलला बंदी, मोटारसायकललाही बंदी. वेगाच्या रस्त्यावर ती असावी, याबद्दल वाद नाही. पण जिल्ह्यातल्या ज्या माणसांकडे चारचाकी नाही त्यांच्या वाट्याला काय, हे कुणी सांगायचे? गोदाकाठचे गावरस्ते रात्रभर वाळूच्या हायवांनी उखडलेले. पाणंदींवर अतिक्रमणे. कॅनॉलच्या भरावावर वेड्या बाभळी. जायकवाडीचे पाणी ज्याला जमीन त्याला मिळाले, भूमिहीनाला त्यातला एक पेलाही आला नाही. निदान त्या कॅनॉलच्या काठचा रस्ता तरी सगळ्यांचा म्हणून नीट करा, ही मागणी आपण का करू नये? बाभळी तोडायला आणि मुरूम टाकायला महामार्गाचे बजेट लागत नाही.

आणि आता स्वतःकडेही बोट दाखवतो. वर लिहिले, आम्ही चौघे निघालो. चौघेही पुरुष! मानव विकास कार्यक्रमातून जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. सकाळी रस्त्याने मुलींची रांग जाताना दिसते, तेव्हा छाती भरून येते. पण बारावी झाली की ती सायकल कुठे जाते? भाऊ वापरतो, नाहीतर गोठ्यात उभी राहते. रविवारी त्या सायकलवर नदीपर्यंत जाऊन येते म्हणणाऱ्या मुलीला 'कशाला?' असे विचारणारे घर सवर्णांचे नसते, आपलेच असते. घरच्यांची भीती खोटी नाही. शांत रस्त्याचा आपल्याकडचा अर्थ वर सांगितलाच आहे. पण त्या भीतीवर उपाय म्हणून रस्ता कोणाचा बंद झाला, तर मुलीचा. तामिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतून हजारो खेड्यांतल्या बाया सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणकामगार बाया. त्यांनाही टोमणे मिळाले. त्या घोळक्याने निघाल्या, म्हणून टिकल्या.

म्हणून आमचा प्रस्ताव असा आहे. फ्रान्समध्ये सायकलवाल्यांना उतरायला, सायकल ठेवायला, पंक्चर काढायला जागोजाग घरे आणि खानावळी ठरलेल्या असतात. आपल्याकडे खेड्यात मुक्काम म्हटला की पहिला प्रश्न येतो, कुणाकडे? १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना हाच प्रश्न पडला होता आणि पारशी खानावळीतून त्यांना कसे बाहेर काढले गेले, हे आपल्याला पाठ आहे. पण आज आपल्याकडे एक गोष्ट आहे जी तेव्हा नव्हती. किती तरी वस्त्यांत बुद्धविहार आहे. पाण्याचा नळ, फरशी, पंखा, बहुतेक ठिकाणी शौचालय. वर्षातून चार-पाच दिवस सोडले तर रात्री कुलूप! ती कुलपे काढली, एका कोपऱ्यात हवेचा पंप, पंक्चरचे सामान आणि दोन सतरंज्या ठेवल्या, तर गोदावरी ते पूर्णा या जिल्ह्यात सायकलवर फिरणाऱ्या कोणालाही मुक्कामाची चिंता नाही. कोणालाही म्हणजे कोणालाही. पुण्या-संभाजीनगरहून महागड्या सायकली घेऊन येणाऱ्यांनीही यावे, आमच्या वस्तीत मुक्काम करावा, आमच्या ताईंच्या हातची भाकरी-पिठले खावे आणि रीतसर पैसे द्यावेत. आम्ही त्यांचे आडनाव विचारणार नाही.

सुरुवात लहान करू. येत्या पौर्णिमेला सकाळी सहा वाजता कॅनॉलच्या रस्त्याने पंचवीस किलोमीटर जायचे, एका विहारात थांबायचे, वंदना, जेवण, थोडी चर्चा आणि उन्हे उतरल्यावर परत. मुली-महिला निम्म्या तरी असल्याच पाहिजेत, नाहीतर निघायचे नाही, हे आम्ही आपसात ठरवून टाकले आहे. कलम ३ (१) (झेडए) ची मराठी प्रत प्रत्येकाच्या खिशात असेल. वाटेत त्याच टपरीवर चहा घ्यायचा आहे, सगळ्यांनी, बाकड्यावर बसून. बापू असले तर त्यांनाही चहा पाजू.

सायकल जुनी असली तरी चालेल, ब्रेक तेवढे तपासून आणा. जयभीम!